पाण्यातल्या शाफ्टला वंगण कुठलं?

रिमोटवर पळणाऱ्या रेसिंग बोटींचा ज्यांना नाद आहे, त्यांच्यात एका विषयावर हमखास वाद रंगतो. मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टला वंगण कुठलं घालायचं? पातळ तेल घातलं तर मिनिटाला हजारो फेऱ्यांमध्ये ते भिरकावलं जातं आणि नळीत पाणी शिरतं. फार घट्ट ग्रीस घातलं तर शाफ्ट जड फिरतो आणि बॅटरीचा जीव जातो. मग मधला मार्ग म्हणून पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस, आणि पळवून झालं की शाफ्ट बाहेर काढा, पुसा, पुन्हा माखा.

तुम्ही म्हणाल, हौशी मंडळींचे लाड! पण याच प्रश्नाने १८५० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या तोंडाला फेस आणला होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुरुवातीच्या आगबोटींना दोन बाजूंना मोठी चाकं असायची. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं, १८३८ मध्ये त्याचं 'आर्किमिडीज' हे जहाज पाण्यात उतरलं, आणि हळूहळू चाकं मागे पडली. पण प्रोपेलर आला की जहाजाच्या बुडाला मागून भोक पाडणं आलं. त्या भोकातून शेकडो किलोंचा लोखंडी शाफ्ट बाहेर येणार, चोवीस तास फिरणार, आणि तोही खाऱ्या पाण्यात. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचं तर गाडी थांबवून घालता येतं. इथे भर समुद्रात बुडी कोण मारणार?

त्या काळची बेअरिंग पितळेची होती. पाण्याखाली धातूवर धातू घासून ती भराभर झिजायची. शाफ्ट डुगडुगायला लागायचा, मागून पाणी आत यायचं. 'रॉयल अल्बर्ट' ही प्रचंड युद्धनौका डिसेंबर १८५५ मध्ये अशाच गळतीमुळे ग्रीसजवळच्या झिया बेटाच्या किनाऱ्यावर मुद्दाम चढवावी लागली. शत्रूचा एक गोळाही न लागता!

यावरचा उपाय ग्रिनिचचे इंजिन बनवणारे जॉन पेन यांनी काढला. १८५४ मध्ये त्यांनी आणि स्मिथने मिळून लाकडी बेअरिंगचं पेटंट घेतलं. हो, लाकडी. कॅरिबियन बेटांकडच्या 'लिग्नम व्हिटे' या झाडाचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि त्याच्या आत भरपूर राळ असते, म्हणजे वंगण 'बिल्ट-इन'! पेननी पितळी नळीच्या आत या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि पट्ट्यांच्या मध्ये फटी ठेवल्या. त्या फटींतून समुद्राचं पाणी खेळतं राहिलं. तेच थंड करणार आणि तेच वंगणाचं काम करणार. ज्या पाण्याला बाहेर ठेवायला सगळे धडपडत होते, त्यालाच पेननी कामाला लावलं. आपल्याकडे याला कुणीतरी नक्की 'इट्स नॉट अ बग, इट्स अ फीचर' म्हणालं असतं :-)

गंमत म्हणजे या लाकडाचा गुण नवा नव्हता. घड्याळजी जॉन हॅरिसन याने १७२० च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्कच्या मोठ्या घड्याळात हेच लाकूड वापरून तेलाची गरजच काढून टाकली होती.

पेनची युक्ती शंभर वर्षं चालली. १९५४ मधल्या 'नॉटिलस' या पहिल्या अणुपाणबुडीतही या लाकडाची बेअरिंग होती. पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्यापारी जहाजं अवाढव्य झाली, शाफ्टचं वजन वाढलं, गढूळ पाण्यातली वाळू लाकूड झिजवायची. मग धातूची बेअरिंग परत आली, या वेळी तेलाने भरलेल्या नळीत, दोन्ही टोकांना सील लावून. मशीन खूश, मालक खूश.

फक्त सील थोडं थोडं गळतं. २०१० मधल्या एका अंदाजानुसार जगभरातल्या बंदरांमध्ये या नळ्यांतून दर वर्षी ४६ लाख ते २ कोटी ८६ लाख लिटर तेल पाण्यात जात होतं. टँकर फुटला की बातमी होते, हे मात्र 'नॉर्मल कन्झम्प्शन' म्हणून लॉगबुकात जायचं. अखेर २०१३ च्या अमेरिकन नियमांनी त्यांच्या पाण्यात येणाऱ्या मोठ्या जहाजांना अशा जागी पर्यावरणाला कमी घातक वंगण वापरायला लावलं, आणि पाण्यावर चालणारी बेअरिंग पुन्हा चर्चेत आली. आता लाकडाऐवजी कृत्रिम पॉलिमर, कारण ते झाड बेसुमार तोडीमुळे दुर्मिळ झालंय.

म्हणजे दीडशे वर्षांनी गाडी पुन्हा पेनच्या स्टेशनावर. मधल्या काळात सगळ्यांनी शाफ्ट किती छान फिरतो ते मोजलं. वंगण जातं कुठे हे मोजायला मात्र फार उशीर झाला.

हौशी बोटवाल्यांनाही हे लागू आहेच. शर्यतीनंतर नळीत ग्रीस कमी दिसतं, ते हवेत विरलेलं नसतं. ते तळ्यात असतं.