टाकणखार

सुरतेच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या भाचीने फोनवर विचारलं, "मामा, प्रयोगशाळेतल्या बर्नरवर वितळेल अशी काच कुठे मिळेल?" मी म्हटलं, "सोनाराकडे जा आणि टंकणखार माग."

मराठीत टाकणखार, गुजरातीत टंकणखार. मूळ एकच, संस्कृत 'टंकण'. 'टंक्' म्हणजे बांधणे, जोडणे. दागिना झाळताना हा खार लागतो, म्हणून काही जण नावाचं मूळ या धातूत शोधतात. दुसरं मत असं की, हिमालयातल्या टंकण लोकांकडून तो येई, म्हणून हे नाव. तिबेटातल्या सरोवरांकाठचा खारच पूर्वी खाली उतरत असे, त्यामुळे मला हे मत जवळचं वाटतं. रसशास्त्राने त्याला 'सौभाग्य'ही म्हटलं. सोहागा आणि आपली सवागी ही त्याच घरची नावं.

टंकणचं फारसीत 'तिंकार' झालं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने नोंदवलं आहे की, गुजराती लोकही त्याला तसंच म्हणतात. पुढे इंग्रजीत 'टिंकल' झालं. त्याचं आजचं इंग्रजी नाव 'बोरॅक्स' मात्र अरबी 'बूरक'वरून आलं.

भाचीने प्लॅटिनमच्या तारेचं टोक वळवून कडी केली, तापवून टाकणखारात बुडवली आणि ज्योतीत धरली. खार आधी लाहीसारखा फुलला, कारण त्यातलं पाणी निघून जात होतं. मग तो खाली बसला आणि कडीत स्वच्छ, पारदर्शक मणी उरला. हा मणी म्हणजे काचच. नेहमीची काच मुख्यतः वाळूची, पण निव्वळ वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. निर्जल टाकणखार ७४३ अंशांवरच वितळतो. मण्याला कोबाल्टच्या क्षाराचा कण लावून पुन्हा तापवलं, की तो गडद निळा होतो. धातूंची ऑक्साइडं या काचेत विरघळतात. सोनाराच्या झाळणीवरचा मळही असाच विरघळतो आणि सांधा नीट धरतो.

'काच' शब्दाची जुनी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. अश्वमेधाच्या घोड्याच्या केसांत ओवायचे 'काच' म्हणजे तिथे मणीच. भाचीच्या तारेवर काच पुन्हा मणी झाली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

टाकणखाराच्या काचेची बाटली मात्र होत नाही. ती पाण्यात विरघळते. पण त्यातलंच बोरॉनचं ऑक्साइड साधारण बारा-तेरा टक्के घालून, बाकी मुख्यतः वाळू घेऊन वितळवलं, की बोरोसिलिकेट बनते: प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची, आच सोसणारी काच.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेतल्या बरणीवर 'बोरॅक्स' लिहिलेलं असतंच. त्याखाली 'टाकणखार' हेही लिहा. मुलांना कळू द्या की ही वस्तू त्यांच्या गल्लीतल्या सोनाराकडेही आहे.