पानशेत धरणफुटी (१९६१) : ‘पूर’ या नावाखाली झाकलेला इतिहास

प्रस्तावना :

१२ जुलै १९६१ रोजी पुणे शहरावर जे संकट कोसळले, त्यास महाराष्ट्रात सर्वत्र ‘पानशेतचा पूर’ असे म्हटले जाते. वृत्तपत्रे, आठवणी आणि शासकीय कागदपत्रे या सर्वांत हाच शब्द रूढ आहे. ‘पूरग्रस्त’ ही संज्ञाही त्यातूनच आली आणि ती पुण्यातील वसाहतींना आजतागायत चिकटून आहे. वास्तविक पूर ही निसर्गाची घटना होय, तर धरण फुटणे ही माणसाच्या कृतीची परिणती. घटनेला मिळालेल्या नावामुळे तिची जबाबदारी आभाळावर ढकलली जाते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये. प्रस्तुत लेखात या दुर्घटनेची कारणे, मनुष्यहानी आणि तिची झालेली नोंद यांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या सान्निध्यात असलेल्या पवनी परिसराला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

धरणाची उभारणी आणि तिच्यातील उणीव :

मुठा नदीची उपनदी असलेल्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्यास १९५७ मध्ये प्रारंभ झाला. त्याच्या खालच्या अंगास खडकवासल्याचे दगडी धरण होते. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कर्नल फाईफ यांच्या योजनेनुसार बांधले गेले असून पुण्याचा पाणीपुरवठा आणि परिसरातील कालवे त्यावरच अवलंबून होते. पानशेतचे काम १९६२ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. तथापि, १९६१ च्या पावसाळ्यातच, म्हणजे काम अपुरे असतानाच, धरणात पाणी साठू देण्यात आले.

मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्यासाठी जो बोगदावजा मार्ग ठेवलेला असतो, तोच येथे घातक ठरला. या मार्गाचे छत साध्या काँक्रीटचे होते, त्यात लोखंडी सळया नव्हत्या. पाणी नियंत्रित करणाऱ्या दारांची यंत्रणा पूर्णपणे बसविलेली नव्हती आणि दारे अर्धवट लोंबकळत्या स्थितीत होती. जुलैच्या मुसळधार पावसाने जलाशय वेगाने भरू लागला, तेव्हा या मार्गातून पाणी प्रचंड वेगाने आणि खळबळत वाहू लागले. त्याच्या हादऱ्यांनी छत खचले, वरील माती त्यात ओढली जाऊ लागली आणि धरणाचा माथा त्या भागात खाली बसत गेला. माथा खचल्यावर पाणी त्यावरून वाहणे आणि मातीचा बांध कापला जाणे हे केवळ काही तासांचे काम होते. पाऊस जोराचा होता हे खरे. परंतु तेवढ्या पावसाने पूर्ण झालेले आणि नीट बांधलेले धरण फुटले नसते, असे म्हणण्यास जागा आहे.

१२ जुलैचा दिवस :

धोका लक्षात आल्यावर सैन्याच्या जवानांना पाचारण करण्यात आले. भर पावसात, रात्रीच्या अंधारात, खचत चाललेल्या माथ्यावर त्यांनी वाळूची पोती रचली. धरण त्यांना वाचविता आले नाही. पण ते मध्यरात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी सातच्या सुमारास फुटले, आणि या काही तासांचे मोल किती होते, हे निजलेल्या शहराची कल्पना केल्यास सहज ध्यानात येते.

पानशेतचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात आले. तेथील दगडी भिंतीवरून ते वाहू लागले आणि त्याच दिवशी ती भिंतही फुटली. देशातील जलसंशोधनाची प्रमुख संस्था, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, याच धरणाच्या पायथ्याशी आहे, ही नियतीची थट्टाच म्हणावी लागेल. नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठा, डेक्कन जिमखाना आणि शिवाजीनगरचा सखल भाग पाण्याखाली गेला. लकडी पूल आणि नवा पूल बुडाल्याने शहराचे दोन तुकडे झाले. मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाण्यात भिजून ढासळले. एवढे होऊनही नागरिकांना वेळेत आणि स्पष्ट शब्दांत इशारा मिळाला नव्हता. कित्येकांना धोका कळला तो रस्त्यावर पाणी पाहिल्यावरच. पाणी ओसरल्यानंतरची विसंगती अधिक विदारक होती. पाण्याने उद्ध्वस्त झालेल्या शहराला प्यावयास पाणी नव्हते, कारण त्याचा स्रोत असलेले खडकवासला धरणच रिकामे झाले होते.

मृतांची मोजदाद :

या दुर्घटनेत सुमारे १००० माणसे मृत्युमुखी पडली असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हा आकडा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मृतांची गणना प्रेतांवरून अथवा नातेवाइकांच्या तक्रारींवरून होते. ज्याचे नाव शिधापत्रिकेत आहे, ज्याच्यासाठी दाद मागणारे कोणी आहे, तो मोजला जातो. नदीपात्रालगत झोपड्यांत राहणारा, कामासाठी नुकताच शहरात आलेला मजूर सहकुटुंब वाहून गेला असेल, तर त्याची नोंद करणार कोण? उपलब्ध आठवणी प्रामुख्याने पेठांतील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या आहेत. त्या मोलाच्या आहेतच. मात्र पानशेत ते पुणे यांदरम्यानच्या नदीकाठच्या खेड्यांचा आवाज त्यांत जवळजवळ ऐकू येत नाही. धरणासाठी ज्यांनी जमिनी दिल्या आणि फुटल्यावर ज्यांच्या शेतांवरून पाणी गेले, त्या मावळातील शेतकऱ्यांचा इतिहास मौखिक साधनांतून लिहिला जाणे आवश्यक होते. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे.

चौकशी आणि पुनर्वसन :

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांची नियुक्ती केली. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर हे काम न्यायमूर्ती व्ही. ए. नाईक यांच्याकडे आले आणि त्यांनी ते अहवालापर्यंत नेले. बावडेकरांच्या मृत्यूविषयी तर्कवितर्क पुष्कळ झाले. अभ्यासकाने त्यांपासून दूर राहणेच इष्ट.

पुनर्वसनाच्या कामात सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांची धडाडी विशेष उल्लेखनीय ठरली. गोखलेनगर, जनवाडी, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती या आपत्तीतून उभ्या राहिल्या आणि पेठांपुरते असलेले पुणे बाहेर पसरले. तात्पुरता निवारा म्हणून मिळालेल्या घरांत मात्र लोकांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, आणि पूरग्रस्तांच्या सोसायट्यांच्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळला.

पानशेतनंतर :

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरण फुटून मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. तेथील मृतांच्या आकड्यांत तर काही हजारांचा फरक आहे, आणि नेमलेला चौकशी आयोग काम पूर्ण होण्यापूर्वीच गुंडाळण्यात आला. त्या तुलनेत पानशेतची चौकशी निदान शेवटास गेली. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा गळतीचे खापर खेकड्यांवर फोडण्यात आले. धरण सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये, म्हणजे पानशेतनंतर ६० वर्षांनी संमत झाला.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा आणि पवनीपासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंतची गावे वेढली गेली. तेव्हा कोणतेही धरण फुटले नव्हते. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून आणि गोसीखुर्दमधून सोडलेले पाणी व त्याची पूर्वसूचना हाच लोकांच्या तक्रारीचा विषय होता. त्या पुराच्या आठवणी अद्याप ताज्या असून त्या सांगणारी माणसे नदीकाठच्या गावांत हयात आहेत.