वर्दी कोणी द्यायची, बुडायचे कोणी?

बोदवड मोठ्या नदीच्या काठचे गाव नाही. इथली तक्रार पाणी नसल्याची. तरीही मी पुराविषयी लिहितो आहे, कारण माझे आजोबा पूर्णाकाठचे आणि चुलतभाऊ सुरतेतला. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेला जाते.

आजोबा महारकी करीत. पाणी चढू लागले की रात्री-अपरात्री पाटलाच्या वाड्यावर वर्दी द्यायची, गावात हाळी घालायची, हे काम त्यांचे. गाव जागे होई, गुरे वर नेली जात, धान्य माळ्यावर चढे. आजोबा परत येत तोवर महारवाड्यात पाणी शिरलेले असे. वरचे पाणी विटाळू नये म्हणून वस्ती खालच्या अंगाला ठेवलेली! शास्त्राने सांगितलेला विटाळ पुराने अंमलात आणला. पूरनियंत्रणाच्या गणितात पाऊस असतो, उतार असतो. उतारावर कोणाला कोणी बसवले, हे नसते.

पूर म्हणजे निसर्गाचा कोप, असे म्हणून मोकळे होण्याची आपली जुनी सवय. १८७२ साली मोठ्या पुराने धुळ्यात घरादारांची हानी केली, तेव्हाही लोकांनी दैवालाच बोल लावला असेल. बाबासाहेबांनी हा कोप मानला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. १९४३ साली दामोदरने बंगालचा मुलूख बुडवला होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांची मांडणी अशी होती की पाणी फार आहे हे दुखणे नव्हे. ते साठवून सिंचन, वीज, जलवाहतुकीला लावले जात नाही, हे दुखणे. १९४८ चा दामोदर खोऱ्याचा कायदा याच वाटेने आला. पूर्णेचे पुराचे पाणी उपसून आणण्याची बोदवड परिसर सिंचन योजना याच विचाराच्या जातीची. फक्त सिंचन शेताला मिळते, आणि शेत कोणाचे, हे नकाशावर लिहिलेले नसते.

१९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. वर्दीचे काम सरकारकडे आले. हतनूरचे ४१ दरवाजे उघडायचे असले की काठच्या गावांना आधी इशारा जातो. ही सुधारणा लहान नाही, ती मी नाकारीत नाही.

पण गावकी सुटलेला माणूस शहरात कुठे राहिला? खानदेशातला माणूस सुरतेला लूमवर गेला. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत आमची बोली ऐकू येते. लिंबायतमधून मिठी खाडी वाहते. स्वस्त खोली तिच्याच काठी. गावात जातीने दिलेली जागा शहरात भाड्याने दिली, एवढाच फरक.

उकाई धरण १९७२ चे. पूर अडवण्यासाठी ते रिकामे हवे, सिंचनासाठी आणि विजेसाठी भरलेले हवे. ही ओढाताण दर पावसाळ्याची. ऑगस्ट २००६ मध्ये तिथून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

भावाला इशारा कळला होता. जायचे कुठे, हे कोणी सांगितले नव्हते. लूम थांबले की मीटरवरची मजुरी थांबते. यंत्राचा विमा उतरवता येतो. कारागिराच्या बुडालेल्या दिवसाचा कोण उतरवणार? पाणी ओसरले, पंचनामे झाले. भावाकडे खोलीची भाडेपावती नव्हती. मालकाने कधी दिलीच नव्हती. तो बोदवडला आला तेव्हा फडक्यात चिखलाने माखलेले रेशनकार्ड होते. ते त्याने आमच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातले, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला.