वारसाने आलेला भार : उटनूरच्या इतिहासातून एक बोध

नव्या पदावर नेमल्या जाणाऱ्या सेवकास अधिकाराबरोबरच पूर्वीच्यांचे अपुरे राहिलेले काम व लोकांची जुनी गाऱ्हाणीही मिळतात. नवा पाळक मंडळीत येतो तेव्हा मालमत्तेचा वाद, थकलेला हिशेब, दोन घराण्यांतील दुरावा ही सर्व त्याच्या आधीच तेथे वस्तीस असतात. या दृष्टीने आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर परिसराचा इतिहास आम्हांस मननीय वाटतो.

निजामाच्या राजवटीत येथील गोंड व कोलाम शेतकऱ्यांवर दुहेरी संकट आले. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्याने वहिवाटीची जमीन त्यांच्या हातून गेली. उरलेल्या सुपीक जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्यांनी आपल्या नावे करून घेतले. या असंतोषातून कुमराम भीमू यांचा उठाव झाला आणि १९४० साली जोडेघाट येथे ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांस गोंडांच्या स्थितीची पाहणी करावयास सांगितले. ते मार्लवाई या गोंड गावी राहिले. तेथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले व देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. १९४५ साली ते आदिवासींविषयी सरकारचे सल्लागार झाले. गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे कामही या काळात झाले. पुढे या जिल्ह्यात अधिकारी म्हणून आलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, इतकेच नव्हे, तर त्यांनी त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. आधी ऐकणे, मग उपाय, असा हा क्रम होता.

नहेम्याचा क्रमही हाच दिसतो. यरुशलेमेस आल्यावर त्याने प्रथम रात्री तटाची पाहणी केली, आणि ती होईपर्यंत आपला बेत कोणास सांगितला नाही. कर्जापायी शेते गमावलेल्यांचा आक्रोश ऐकताच त्याने सावकारांकडून ती परत करविली व याजकांसमक्ष त्यांस शपथ घातली. पूर्वीच्या अधिपतींनी लोकांवर भार घातला होता, याचा त्याने स्पष्ट उल्लेख केला. पण तेवढ्यावर न थांबता अधिपतीचा भत्ता त्याने स्वतः बारा वर्षे घेतला नाही.

तथापि नहेम्या राजाकडे परत गेला आणि जुने दोष पुन्हा डोके वर काढू लागले, असे त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय सांगतो. उटनूरच्या परिसरातही तसेच घडले. आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांकडे जाऊ नयेत म्हणून कायदे झाले, तरी जमिनी जातच राहिल्या. आणि २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या मागण्या घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. चाळीस वर्षांपूर्वीचे गाऱ्हाणे अद्याप मिटलेले नव्हते.

यावरून आम्हांस असे वाटते की, वारशाने आलेला प्रश्न एका सेवकाच्या सद्‌भावनेने शांत होतो, पण सुटत नाही. म्हणून नव्या पाळकाने पूर्वीच्या पाळकाची निंदा करू नये आणि त्याच्या चुकांवर पांघरूणही घालू नये. प्रत्येक घरी जाऊन ऐकावे. झालेला समेट पंचांसमक्ष लिहून ठेवावा. आणि आपल्या बदलीनंतर तो राखतील अशी माणसे मंडळीतूनच तयार करावीत. आपल्या मागून येणाऱ्या बंधूच्या हाती थोडा हलका भार देण्याची कृपा प्रभू आम्हां सर्वांस देवो.