केट बुश : उमेदवारीचीं वर्षें

वाङ्मयाचा काय किंवा संगीताचा काय, इतिहास लिहितांना एक सोईची परंतु फसवी पद्धति रूढ झाली आहे. कलावंताची पहिली कृति ज्या दिवशीं लोकांपुढें आली त्या दिवशींच तो उपजला असें धरून चालावयाचें, आणि त्याच्या मागील वर्षांवर दोन ओळींत पडदा टाकावयाचा. लोकप्रिय गाण्यांच्या बाबतींत तर ही पद्धति अधिकच बळावते. कारण तेथें कीर्ति एका आठवड्यांत येते आणि वृत्तपत्रांस चमत्कार हवाच असतो. केट बुश या इंग्रज कवयित्री-गायिकेची हकीकत नेहमीं याच तऱ्हेनें सांगितली जाते. १९७८ सालच्या मार्च महिन्यांत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, आपल्या पहिल्याच प्रसिद्ध गाण्यानें तिनें ब्रिटनमधील खपाच्या यादींत पहिलें स्थान मिळविलें व तें चार आठवडे राखलें. सर्वस्वीं स्वतः रचलेलें गाणें गाऊन त्या स्थानीं पोहोंचलेली ती पहिली स्त्री होय. एवढें सारें खरें आहे. तथापि हें जें घडलें तें एका रात्रींत घडलें नाहीं. त्याच्या मागें निदान सहा-सात वर्षांची उमेदवारी होती. ती उमेदवारी कोणी, कशी आणि कोणाच्या खर्चानें घडूं दिली हें पाहणें आम्हांस त्या चार आठवड्यांच्या कीर्तीपेक्षां अधिक बोधप्रद वाटतें.

प्रथम एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे संतांनीं अभंग रचले आणि कीर्तनांत तेच गाइले. पुढें भावगीताच्या काळांत मात्र कवि एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, अशी वांटणी बहुधा झाली. इंग्लंड-अमेरिकेंतहि लोकप्रिय गाणीं रचणारा वर्ग पुष्कळसा निराळाच असे. १९६० नंतर बॉब डिलन आणि बीटल्स यांच्या उदाहरणानें आपलें गाणें आपणच रचावें ही रीत प्रतिष्ठित झाली. अमेरिकेंत कॅरोल किंग, आणि कॅनडांतून तिकडे गेलेली जोनी मिचेल, यांनीं स्त्रियांसाठीं ती वाट रुंद केली. ब्रिटनमध्यें मात्र तरुण गायिकेनें दुसऱ्यानें निवडलेलें गाणें गावें, अशीच अपेक्षा बव्हंशीं कायम होती. केट बुशच्या पहिल्या वर्षांचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

कॅथरिन बुश हिचा जन्म ३० जुलै १९५८ रोजीं केंट परगण्यांतील बेक्स्लीहीथ येथें झाला. वडील इंग्रज, व्यवसायानें डॉक्टर. आई आयर्लंडमधील वॉटरफर्ड परगण्याची, पूर्वीची परिचारिका. वेलिंग येथील ईस्ट विकहॅम फार्म नांवाच्या जुन्या शेतघरांत हें कुटुंब राही. वडील पियानो वाजवीत. आईस आयरिश नृत्याची आवड. थोरल्या दोन भावांपैकीं जॉन कवितेच्या नादीं लागलेला, तर पॅडी जुन्या वाद्यांच्या. घरामागच्या कोठारांत एक जुना ऑर्गन पडून होता, त्यावर ही धाकटी मुलगी बोटें चालवीत असे. आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास ती आपली आपणच पियानो शिकूं लागली. शाळेंत तिला व्हायोलिनचे धडे मिळत, पण जीव रमे तो पियानोवर; कारण व्हायोलिनवर दुसऱ्याचें वाजवावें लागे, आणि पियानोवर स्वतःचें रचतां येई, असें तिच्या पुढील वर्तनावरून आम्हीं अनुमान करतों. तेराव्या वर्षीं तिनें रचलेलें एक गाणें पुढें फार नांवाजलें जावयाचें होतें. त्याकडे आम्ही मागाहून येऊं.

पंधरावें वर्ष लागण्याच्या सुमारास तिच्यापाशीं पन्नासाहून अधिक गाणीं साठलीं होतीं. घरच्या मंडळींनीं तीं साध्या ध्वनिफितींवर उतरविलीं आणि मुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांकडे पाठविलीं. कोणीहि तीं घेतलीं नाहींत. पुढें कुटुंबाच्या एका स्नेह्यामार्फत एक फीत डेव्हिड गिल्मोर याच्या हातीं पडली. हा पिंक फ्लॉइड या विख्यात वादकसंघांतील गिटारवादक. त्याचा संघ त्या वेळीं कीर्तीच्या शिखरावर होता आणि अनोळखी शाळकरी मुलीचीं गाणीं ऐकत बसण्याची त्यास कांहींच गरज नव्हती. परंतु त्यानें तीं ऐकलीं, १९७३ सालीं तिला आपल्या घरीं बोलावून कांहीं गाणीं मुद्रित करविलीं, आणि एवढ्यानें भागत नाहीं असें दिसतांच १९७५ च्या जून महिन्यांत स्वतःच्या पदरच्या पैशानें लंडनच्या एअर स्टुडिओंत रीतसर मुद्रण घडवून आणलें. त्या कामीं अँड्र्यू पॉवेल हा संगीतनियोजक होता, आणि बीटल्सच्या मुद्रणांवर काम केलेला जेफ एमरिक यानें ध्वनियंत्राची बाजू सांभाळली. मुलगी सोळा वर्षांची. मोठ्या वाद्यवृंदासमोर बसून तिनें आपलीं गाणीं गाइलीं.

या मुद्रणावरून ई. एम. आय. या बलाढ्य कंपनीनें १९७६ सालीं तिच्याशीं करार केला व तीन हजार पौंड आगाऊ दिले. येथून पुढचा दीड वर्षांचा काळ या सर्व हकीकतींतील मर्माचा भाग आहे असें आम्ही समजतों. करार झाला, पैसे मिळाले, आणि मुद्रिका निघाली नाहीं! मुलगी फार लहान आहे. यश आलें तर तें तिला झेपणार नाहीं आणि अपयश आलें तर ती खचेल, असा कंपनीचा विचार होता. यांत दूरदृष्टि किती आणि गुणी माणूस दुसऱ्या कंपनीच्या हातीं लागूं नये हा व्यापारी हिशेब किती, याची वजाबाकी करणें अवघड आहे. परंतु याच कंपनीनें १९७६ च्या ऑक्टोबरांत सेक्स पिस्टल्स या दंगेखोर कंपूशीं करार केला आणि १९७७ च्या जानेवारींत बोभाटा होतांच तो मोडला, हें लक्षांत घेतलें म्हणजे तेथें घाईचें वावडें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. घाई न करण्याचा निर्णय त्यांनीं या एका मुलीपुरता तरी समजून-उमजून घेतला.

त्या दीड वर्षांत तिनें काय केलें? परीक्षांच्या तयारींतून बाहेर पडून तिनें शाळा सोडली. एका नातलग बाईकडून वारशानें आलेल्या पैशाचा तिला आधार झाला, आणि ती लंडनमध्यें राहूं लागली. लिंडसे केम्प या मूकनाट्याच्या आचार्याचा एक प्रयोग पाहून ती थक्क झाली व त्याच्या वर्गांस जाऊं लागली. या केम्पकडे पूर्वीं डेव्हिड बोवी यानेंहि धडे घेतले होते. गाणारणीनें नाच शिकावा यांत नवल नाहीं. नवल हें कीं, तिनें नाच हा गाण्यावरचा अलंकार म्हणून न शिकतां गाण्याचाच दुसरा अर्ध म्हणून शिकला. पहिल्या मुद्रिकासंग्रहांतील पहिलें गाणें तिनें केम्पलाच अर्पण केलें आहे. १९७७ सालीं लुइशॅम भागांतील ‘रोज ऑफ ली’ व तत्सम मद्यगृहांतून ती तीन साथीदारांसह गाऊं लागली. तेथील श्रोते आपल्या पेल्यांत मग्न. त्यांना दुसऱ्यांचीं ओळखीचीं गाणीं हवीं असत. अशा श्रोत्यांचें चित्त ओढून घेण्याचा धडा कोणत्याहि शाळेंत मिळत नाहीं. आणि रात्री घरीं पियानोवर नवीं गाणीं रचण्याचें काम चालूच होतें. शंभराच्या वर गाणीं तिच्या गांठीं जमलीं.

त्यांपैकीं एक १९७७ च्या मार्च महिन्यांतील. एमिली ब्रोंटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ सालीं एलिस बेल या टोपणनांवानें प्रसिद्ध झाली. बी. बी. सी.नें १९६७ सालीं तिचें दूरचित्रवाणीवर नाट्यरूप दाखविलें होतें. त्याचा शेवटचा भाग या मुलीनें पाहिला, आणि खिडकीबाहेरून घरांत येऊं पाहणाऱ्या कॅथीच्या पिशाच्चाचें दृश्य तिच्या मनांत रुतून बसलें. गाणें आधीं सुचलें, कादंबरी तिनें मागाहून वाचली. एमिलीचा जन्महि ३० जुलैचाच, हा योगायोग तिला फार भावला.

साहित्याचा व्यासंग करणाऱ्यांनीं या गाण्याकडे दुर्लक्ष करूं नये अशी आमची सूचना आहे. मूळ कादंबरींत कॅथरिनची कथा लॉकवुड आणि नेली डीन या दोन निवेदकांच्या तोंडून येते. तिची रोजनिशी क्षणभर दिसते, एरवीं ती दुसऱ्यांच्या आठवणींतून बोलते. पिशाच्चाच्या प्रसंगींहि तिचा हात धरतो तो परका लॉकवुड; हीथक्लिफ पोहोंचतो तेव्हां खिडकीबाहेर कोणी उरलेलें नसतें. गाण्यानें ही घडी मोडली. मधले सारे निवेदक दूर सारून तिनें कॅथीलाच बोलतें केलें आणि तिचें बोलणें थेट हीथक्लिफला ऐकविलें. कादंबरीनें ज्या भेटीची संधि हुकविली ती गाण्यानें साधली. त्या गाण्यांतील अतिशय उंच, किंचित् अमानुष वाटणारा स्वर पुष्कळांस प्रथम खटकला. पण मेलेल्या कॅथीनें दुसऱ्या कोणत्या आवाजांत बोलावें? अंतरा आणि ध्रुवपद यांचा षड्ज एक नाहीं. ऐकणाऱ्याच्या पायाखालची भूमि ध्रुवपदाशीं येतांच सरकते. अठरा वर्षांच्या मुलीनें हें केलें ही आश्चर्याची गोष्ट खरी. पण शंभर गाणीं रचलेल्या माणसानें हें केलें असें म्हटलें तर आश्चर्य थोडें कमी होऊन आदर वाढतो.

१९७७ च्या ऑगस्टमध्यें पॉवेलच्याच देखरेखीखालीं तेरा गाण्यांचा संग्रह मुद्रित होऊं लागला. साथीला तिच्या मद्यगृहांतील सोबत्यांऐवजीं बहुतेक मुरलेले वादक घेण्यांत आले. तेथें तिनें मान तुकविली. परंतु प्रथम कोणतें गाणें काढावयाचें हा प्रश्न आला तेव्हां कंपनीनें ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ हें जोरकस गाणें निवडलें आणि या एकोणीस वर्षांच्या मुलीनें ‘वुदरिंग हाइट्स’चा हट्ट धरला. शेवटीं तिचें चाललें. पुढें वेष्टनावरील चित्र पसंत न पडल्यामुळें नोव्हेंबरांतील प्रकाशन लांबणीवर पडलें. या विलंबाचा लाभच झाला. कारण त्या नाताळांत विंग्ज या संघाच्या ‘मल ऑफ किनटायर’नें बाजार व्यापून टाकला होता आणि त्याच्या वीस लक्षांवर प्रती खपल्या. अखेर २० जानेवारी १९७८ रोजीं गाणें निघालें, आणि मार्चमध्यें त्यानें ॲबा या स्वीडिश संघास खालीं सारलें. फेब्रुवारींत प्रसिद्ध झालेला ‘द किक इनसाइड’ हा संग्रह तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला.

या संग्रहांतच तें तेराव्या वर्षीं रचलेलें गाणें आहे : ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’. त्याचें जें मुद्रण आपण ऐकतों तें १९७५ चें, गिल्मोरच्या पैशानें झालेलें. म्हणजे तेराव्या वर्षीं रचलेलें, सोळाव्या वर्षीं गाइलेलें गाणें एकोणिसाव्या वर्षीं लोकांपुढें आलें. आणि १९७९ सालीं त्याच्या शब्दरचनेस आयव्हर नोव्हेलो पारितोषिक मिळालें. गाणें थांबलें म्हणून शिळें झालें नाहीं.

उलट पक्षाचा पुरावा त्याच वर्षीं मिळाला. यशानें उतावीळ झालेल्या कंपनीस लगेच दुसरा संग्रह हवा होता. पहिल्यापासून नऊ महिन्यांच्या आंत, १९७८ च्या नोव्हेंबरांत, ‘लायनहार्ट’ निघाला. प्रसिद्धीच्या धांवपळींत नवें रचण्यास सवडच नव्हती. बहुतेक गाणीं जुन्या सांठ्यांतलीं घ्यावीं लागलीं. संग्रह सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, परंतु तो घाईंत झाला हें तिनें स्वतःच मागाहून बोलून दाखविलें. वर्षानुवर्षें भरलेलें कोठार एका वर्षांत रितें होतें, हा धडा तिला महागांत पडला, पण कायमचा पडला.

१९७९ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिनें आपला एकमेव दौरा केला. नाचतांना हात मोकळे राहावेत म्हणून कपडे टांगण्याच्या तारेची कमान वांकवून ध्वनिग्राहक डोक्यास बांधण्याची युक्ति तेव्हां योजिली गेली. दौऱ्याच्या आरंभींच, पूल येथील रंगीत तालमीवजा प्रयोगानंतर, बिल डफील्ड हा एकवीस वर्षांचा प्रकाशयोजक उंचीवरून पडून दगावला. दौरा पुरा झाला, त्याच्या कुटुंबासाठीं मदतीचा प्रयोगहि झाला. परंतु त्यानंतर अशी मैफलींची मालिका तिनें केली ती थेट २०१४ सालीं.

आतां एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. वडील डॉक्टर, घरांत वाद्यें, वारशाचा पैसा, गिल्मोरपर्यंत पोहोंचणारा स्नेही : इतकें ज्यांना लाभतें त्यांनाच थांबणें परवडतें, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे, आणि म्हणूनच तें सांगितलें पाहिजे. ज्या मुलींच्या ध्वनिफिती कोणाच्याच हातीं पडल्या नाहींत त्यांचा इतिहास कोठेंच लिहिलेला नाहीं. चमत्काराची कथा सांगणारा या सर्व आधारांस झांकून टाकतो आणि मग गुण असला कीं तो आपोआप वर येतो, असा खोटा दिलासा देतो. गुण वर येण्यास कोणाला तरी खर्च करावा लागतो, आणि कोणाला तरी वाट पाहावी लागते.

केट बुशनें पुढें ती वाट पाहण्याची सत्ताच आपल्या हातीं घेतली. १९८० चा ‘नेव्हर फॉर एव्हर’ तिनें दुसऱ्याच्या जोडीनें स्वतः सिद्ध केला. एकट्या ब्रिटिश गायिकेचा पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला संग्रह. १९८२ चा सर्वस्वीं तिचा. १९८३ सालीं तिनें त्याच शेतघरीं स्वतःची मुद्रणशाळा उभारली, म्हणजे तासागणिक भाड्याची टांगती तलवार नाहींशी झाली. आणि तेथून १९८५ सालीं ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ बाहेर पडला. त्यांतील ‘रनिंग अप दॅट हिल’ हें गाणें २०२२ सालीं एका दूरचित्रवाणी मालिकेमुळें नव्या पिढीच्या कानीं पडलें आणि पहिल्या क्रमांकावर गेलें. ‘वुदरिंग हाइट्स’नंतर चव्वेचाळीस वर्षांनीं.

लहान वयांत गुण दिसला कीं त्यास लगेच व्यासपीठावर चढविणें यालाच आपण उत्तेजन म्हणतों. या हकीकतींत उत्तेजन देणाऱ्यांनीं निराळें केलें : एकानें पैसा दिला आणि मोबदला मागितला नाहीं, दुसऱ्यांनीं पैसा दिला आणि दीड वर्ष कांहीं मागितलें नाहीं. त्यांच्या हेतूंची शुद्धता कमी-अधिक असेल. तिच्या गांठीं जमलेलीं गाणीं मात्र त्या अवधींत दुप्पट झालीं.