कर्ण्याचं कूळ

आखाडा बाळापूरचा माझा पुतण्या यंदा हळदीच्या पैशातून घरात ऐकायला भारी स्पीकर घेतोय. त्यानं विचारलं, "काका, पेटीवाले घेऊ का कर्ण्याचे?" कर्णा म्हटलं की आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढं एकच येतं: सप्ताहात देवळावर बांधलेला पत्र्याचा कर्णा, आणि पार रानापर्यंत पोचणारं कीर्तन.

शब्द विजेच्या कितीतरी आधीचा. फारसी 'करनाय' म्हणजे लांब तुतारी. संस्कृत कर्णाशी, म्हणजे कानाशी, त्याचं रक्ताचं नातं नाही. पुढं ग्रामोफोन आला, त्याच्या पसरट तोंडालाही मराठीनं कर्णाच म्हटलं. नाव चपखल होतं, कारण काम तेच. तोंडाभोवती हाताचा द्रोण करून हाक मारणारा गुराखी जे करतो, तेच कर्णा करतो. हवा फार विरळ. इवलासा पडदा नुसता थरथरला तर त्याची बरीचशी मेहनत वाया जाते. अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंदावत जाणारी वाट मिळाली, की पडद्याला ढकलायला हवेचा भार सापडतो.

१९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला ग्रामोफोनचा कर्णा जोडला. देवळावरचा कर्णा त्याच वंशातला. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकू थेट हवेत हलवला. अँप्लिफायरची ताकद वाढत गेली, तसा घरांतून कर्णा मागं पडला. १९५४ मध्ये एडगर विल्चरनं तर छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. ताकद मात्र या पेटीला भरपूर लागे.

कर्ण्याची खरी अडचण खर्जाची. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब. तिला पेलायला कर्ण्याचं तोंडही तसंच अवाढव्य लागतं. म्हणून सप्ताहात टाळ आणि बुवांचा आवाज शिवारभर जातो, पखवाजाचा धूम मात्र देवळापाशीच राहतो. पॉल क्लिपश यानं अमेरिकेत यावर फार सुंदर तोड काढली. खर्जाचा कर्णा घडी घालून पेटीत बसवला, आणि उरलेला कर्णा म्हणून खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतीच वापरल्या. १९४६ पासूनचा हा 'क्लिपशॉर्न' एका वॅटवर, एका मीटरवर सुमारे १०५ डेसिबल देतो असं कंपनी सांगते. ८७ डेसिबलच्या पेटीला तेवढ्याच आवाजासाठी ६४ वॅट लागतील, कारण दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट करावी लागते. म्हणूनच थोड्या वॅटांच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर जीव असलेले लोक आजही कर्ण्याकडं वळतात.

मी पुतण्याला सांगितलं, दुकानात आपल्या भजनाचं रेकॉर्डिंग ने, डोळे मिटून पखवाजाची डावी बाजू ऐक. बुवांचा श्वास ऐक. मग घरी येऊन कोपरे बघ. त्याचा संध्याकाळी फोन आला: एका कोपऱ्यात देव्हारा आहे, दुसऱ्यात माडीचा जिना. पेटीवालेच घेऊ म्हणालो.