संवाद, परीक्षा आणि दुसरी भाषा : म्हैसूरच्या निमित्ताने

दुसरी भाषा माणसास कशी येते, हा प्रश्न आपल्याकडे शिक्षणशास्त्राचा मानला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी एक समजूत आहे. परंतु भारतीय भाषांमधील प्रत्यक्ष अनुवाद सर्वस्वी या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. कन्नड जाणणारा मराठी लेखक आणि मराठी जाणणारा कन्नड लेखक निपजला नाही, तर दोन शेजारी वाङ्मये एकमेकांस इंग्रजीच्या खिडकीतूनच पाहणार. म्हणून परभाषा येते कशी आणि ती आली हे ठरवितो कोण, या दोन गोष्टींचा इतिहास एकत्र पाहणे अगत्याचे आहे.

परभाषकांस मराठी शिकविण्याचा एक आरंभीचा संघटित उद्योग महाराष्ट्रात नव्हे, बंगालात झाला. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूर येथे छापले गेले. या व्याकरणास नित्याच्या विषयांवरील संभाषणे जोडलेली आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नुसत्या नियमांनी भाषा कळते पण वळत नाही, हे केरीने ओळखले होते. त्या कॉलेजात पौर्वात्य भाषांतून जाहीर वादसभाही भरत. म्हणजे परीक्षेलाच संवादाचे रूप दिलेले होते. मात्र त्या सभेत पक्ष मांडणारा विद्यार्थी आणि त्याचे खंडन करणाराही विद्यार्थीच. ज्यांची ती भाषा, तो बाजारातील वा कचेरीतील मनुष्य वादात कोठेच नसे. संवादाचा सांगाडा होता; प्रतिपक्षी मात्र उसना होता.

याच्या नेमका उलट मासला म्हैसूरच्या एका घरात सापडतो. १९२९ साली म्हैसुरास जन्मलेल्या ए. के. रामानुजन यांनी आपल्या घरातील भाषांची वाटणी स्वतःच सांगून ठेविली आहे : खाली स्वयंपाकघरात आईची तमिळ, वर गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांच्या खोलीत इंग्रजी, आणि दाराबाहेर रस्त्यावर कन्नड. ही रस्त्यावरची कन्नड पुढे त्यांच्या काव्याची भाषा झाली. १९६९ साली त्यांचा पहिला कन्नड काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. रस्त्यावर परीक्षा नव्हती असे मात्र नव्हे. ती क्षणोक्षणी होती. सवंगड्यास आपले बोलणे समजले नाही की तो तत्काळ तसे दर्शवितो, आणि बोलणारा आपले वाक्य पुन्हा घडवितो. अर्थाविषयीच्या या घासाघिशीतूनच भाषा पक्की होते, असा सिद्धान्त मायकेल लाँग यांनी १९८०च्या दशकात मांडला. अशा संवादात शिकणे आणि तपासले जाणे ही एकच क्रिया असते.

ज्या वर्षी तो काव्यसंग्रह निघाला, त्याच वर्षी, १७ जुलै १९६९ रोजी, म्हैसुरात भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. देवीप्रसन्न पट्टनायक हे तिचे पहिले संचालक. १९६८च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने त्रिभाषा सूत्र स्वीकारले होते, आणि परप्रांतीयांची भाषा शिकवू शकतील असे शिक्षक राज्यांस हवे होते. त्यासाठी संस्थानाची प्रादेशिक केंद्रे निघाली आणि दहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. मराठीचे केंद्र पुण्यास डेक्कन कॉलेजच्या आवारात आले. दक्षिणेकडील चार भाषांचे केंद्र म्हैसुरासच राहिले. यातील भेद सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे. म्हैसुरास कन्नड शिकणाऱ्याला वर्ग सुटल्यावर भाजीवाली शिकविते. तेथेच तमिळ शिकणाऱ्याला तसा शेजार शोधावा लागतो.

पुढे हा शिक्षक आपल्या राज्यात परततो आणि शाळेत उभा राहतो. तेथे तिसऱ्या भाषेची परीक्षा बहुधा लेखी प्रश्नपत्रिकेची : गाळलेल्या जागा, समानार्थी शब्द, पाठाखालची उत्तरे. दहा महिन्यांत त्याने जे कमावले, त्यातील बोलण्याच्या अंगास येथे गुण नाहीत. जे विचारले जाते तेच शिकविले जाते. परीक्षेचा हा अध्यापनावरील परिणाम खरोखर किती व कसा होतो, हा प्रश्न ॲल्डरसन व वॉल यांनी १९९३ साली विचारला, आणि परीक्षेवर सरसकट दोष ढकलू नये असे बजाविले. तो इशारा रास्तच आहे. पण परीक्षा निव्वळ मोजपट्टी आहे, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

याचा सर्वांत बोधप्रद दाखला म्हैसूरपासून जवळच, बंगळूरास मिळतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांत इंग्रजी शिकविण्याचा एक प्रयोग केला. व्याकरण न सांगता मुलांपुढे नकाशा, वेळापत्रक अशा सामग्रीवरील कोडी ठेवावयाची, आणि ती सोडविताना भाषा आपोआप यावी, ही त्यामागील कल्पना. ॲलन बेरेटा व ॲलन डेव्हीज यांनी या प्रयोगाची पारख करून १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्याकरणरचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीने शिकलेली मुले सरस ठरली. कार्याधिष्ठित चाचणीत प्रयोगातील मुले सरस ठरली. ज्या चाचण्या कोणत्याच पद्धतीकडे झुकलेल्या नव्हत्या, त्यांत कौल बहुतांशी प्रयोगाच्या बाजूने पडला. एकाच चाचणीवर भिस्त ठेविली असती, तर निर्णय चाचणी निवडतानाच होऊन गेला असता. अमुक मुलास भाषा येते असे आपण म्हणतो, तेव्हा भाषा म्हणजे काय याविषयी परीक्षकाने आधीच घेतलेला निर्णय आपण वाचून दाखवीत असतो.

हा धडा आज महाराष्ट्रास हवा आहे. २०२० साली राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. २०२३ साली अन्य मंडळांच्या शाळांतील एका तुकडीपुरते मराठीचे मूल्यमापन श्रेणीने करावे व ते एकूण निकालात धरू नये, अशी सवलत दिली गेली. वाद झाला तो गुण की श्रेणी एवढ्यावरच. परभाषक मूल मराठी ऐकते कोणाकडून आणि बोलते कोणाशी, हा मूळ मुद्दा बाजूस राहिला.

कन्नड-मराठी व्यवहारात याचे उत्तर उमा कुलकर्णी यांच्या कार्यात दिसते. म्हैसूरनिवासी एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, आणि साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कारही त्यांस लाभला. पती विरूपाक्ष यांनी कन्नड मजकूर वाचावा, त्यांनी तो ऐकावा व मराठीत उतरवावा, अशी त्यांची रीत. कानाने आलेली भाषा येथे लेखणीपर्यंत पोहोचली आहे. तेव्हा लेखी परीक्षा टाकून द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. अनुवादक हा अखेर लेखी भाषेचाच मनुष्य आहे. मागणे इतकेच, की त्या परीक्षेआधी विद्यार्थ्यासमोर त्या भाषेचा एक तरी खरा श्रोता बसावा, ज्याला न समजल्यास तो पुन्हा विचारील. फोर्ट विल्यमच्या वादसभेत जी जागा रिकामी राहिली, ती आपल्या शाळांत अद्याप रिकामीच आहे.